तीस नंबरची जीन्स

माझी नणंद माणसं चेहऱ्याने लक्षात ठेवत नाही, कमरेने ठेवते. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं तर ती कोऱ्या चेहऱ्याने बघत राहते. ती बाई वळून चालायला लागली की मग हिच्या डोक्यात प्रकाश पडतो, "हां, ही ती अडतीसवाली, दर वेळी पाय आखूड करून घेते!" बायकांच्या जीन्सचं दुकान ती एकटी चालवते. पुढे कपड्यांच्या थप्प्या, बाजूला ट्रायल रूम, मागे एक पडदा, आणि पडद्यामागे शिलाई मशीन. मी तिच्या धाकट्या भावाची बायको. आमचं पटत नाही असं नाही, पण ती थोरली आणि मी तापट, त्यामुळे आम्ही दोघी एका खोलीत आलो की माझ्या नवऱ्याला बाहेरची कामं आठवतात.

मी टॉवर क्रेन चालवते. साइटवर सगळे मला 'घार' म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. सकाळी शिडीने केबिनपर्यंत चढायचं, दिवसभर तिथे बसायचं, आणि पुढे वाकून दोन पायांमधल्या काचेतून खाली बघत सळ्यांचे भारे, काँक्रीटच्या बादल्या, लाकडी फळ्या हव्या तिथे अलगद टेकवायच्या. धाकटीच्या वेळी पोट दिसायला लागलं तशी मी खाली उतरले. त्याला वर्ष उलटून गेलं. माझ्या जागी एक बदली ड्रायव्हर आला. माणूस वाईट नाही, पण लोड आपटतो.

मग एका गुरुवारी इंजिनिअर साहेबांचा फोन आला. "सोमवारी सकाळी ये. वर चढ, जेवणाच्या सुट्टीपर्यंतचे लोड उचलून दाखव. जमलं तर केबिन तुझी. नाही जमलं तर मी त्यालाच कायम करतो. मला काम थांबवून चालणार नाही."

"केबिन माझीच आहे साहेब," मी म्हटलं. "त्याला फक्त खुर्ची पुसून ठेवायला सांगा."

फोन ठेवला आणि कपाटातून कामाची जुनी जीन्स काढली. ती मांडीच्या वर सरकेना. मी उड्या मारल्या, पलंगावर आडवी पडून ओढली, शेवटी बटण तुटून कपाटाखाली गेलं. नवरा दारात धाकटीला कडेवर घेऊन उभा होता. "अगं, आहेस तशी छान दिसतेस," तो म्हणाला.

"मला छान दिसायचं नाहीये. मला शिडी चढायचीये," मी म्हटलं. तो दारातून नाहीसा झाला.

वर्षभर मी घरात ढगळ पायजम्यात काढलं होतं. पायजमा हा मोठा लबाड कपडा आहे, तो तुम्हाला कधीच काही सांगत नाही. त्यामुळे मला आपलं वाटत होतं, मी आहे तशीच आहे, थोडी झोप कमी झालीय इतकंच. मी तडक नणंदेच्या दुकानात गेले आणि दारातूनच म्हटलं, "ताई, एक स्ट्रेच जीन्स काढा. तीस."

ताईंनी मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. त्यांचं एकदा पाहणं म्हणजे टेप लावण्यासारखंच. "चौतीस काढते," त्या म्हणाल्या.

"तीस."

"अगं घारबाई, दोन लेकरं झाली तुला."

"लेकरं झाली, हत्ती नाही झाले. लग्नाच्या आधीपासून मी तीस घालते. तीस काढा."

ताईंनी ओठ मिटले. त्यांना वाद घालता येत नाही असं नाही, पण दुकानात त्या गिऱ्हाइकाशी वाद घालत नाहीत आणि त्या क्षणी मी गिऱ्हाईक होते. त्यांनी थप्पीतून तीस नंबरची जीन्स काढून माझ्या हातात ठेवली आणि ट्रायल रूमकडे बोट दाखवलं.

ती मांडीला अडली. घरची अडली होती अगदी तिथेच.

"आलं का?" बाहेरून आवाज.

"येतंय!"

"येतंय म्हणजे?"

"येतंय म्हणजे येतंय!"

आणि मी ट्रायल रूममधल्या स्टुलावर बसले, गुडघ्यांशी ती जीन्स गोळा झालेली, आणि मला रडू फुटलं. मी सहसा रडत नाही, मी ओरडते. पण त्या वेळी मला भीती वाटली, सरळ साधी भीती. याच पायांनी मी रोज सकाळी ती शिडी चढत होते, खाली न बघता, गाणं गुणगुणत. आता ते पाय माझे वाटेनात. जे एका जीन्समध्ये जाईनात ते मला वर कसे नेणार होते? आणि नेलं नाही तर? मला दुसरं काही काम येत नाही, आणि दुसरं काही यावं असं मला कधी वाटलंही नाही.

मग ताईंचा हात ट्रायल रूमच्या दाराच्या फटीतून आत आला. "ती दे इकडे. कापड फार जाड आहे तिचं, नुसतं नावाला स्ट्रेच. थांब, नवीन माल आलाय, त्यात बघू."

मी जीन्स दिली आणि नाक पुसलं. पलीकडे खोका उघडल्याचा आवाज आला, मग मशीन जरा वेळ खडखडलं.

"काय शिवताय?" मी विचारलं.

"धागा निघालाय एके ठिकाणी. मारून देते."

नवीन जीन्स आत आली. मी आधी कमरेच्या आतलं लेबल पाहिलं. तीस. मग पाय घातला आणि ती वर आली, मांडीवरून, नितंबांवरून, बिनबोभाट, आणि बटण लागलं. मी बाहेर आले तेव्हा मान ताठ होती. "बघा! म्हटलं नव्हतं?"

"हो बाई, जिंकलीस," ताई म्हणाल्या. "आता आरशाकडे बघणं बंद कर आणि बस."

ताईंच्या दुकानात जीन्स उभ्याने विकली जात नाही. आरशासमोर पोट आत ओढून उभं राहिलं की कोणीही सडपातळ दिसतं, पण दिवसभर तसं उभं कोण राहतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तिथे एक बुटकं स्टूल आहे, आणि प्रत्येकीला त्यावर बसावं लागतं, उकिडवं व्हावं लागतं, पाय वर उचलावा लागतो. मी बसले. ताईंनी मागून कमरेच्या पट्टीत दोन बोटं घातली.

"मागे फट पडत नाहीये. आता तिथे वर कशी बसतेस तशी बस."

मी पुढे वाकले, गुडघे फाकवले आणि पायांच्या मधून फरशीकडे बघितलं. पट्टी रुंद होती, पोटाखाली वळली पण रुतली नाही. मग मी उभी राहिले आणि एक पाय काउंटरवर ठेवला, शिडीवर ठेवते तसा. ताईंनी गुडघ्यावरचं कापड चिमटीत धरून ताणलं आणि सोडलं. ते पुन्हा जागेवर बसलं.

"हे बघायचं," त्या म्हणाल्या. "ताणतं सगळंच. परत येतं की नाही ते महत्त्वाचं. परत न येणारं घेतलंस तर संध्याकाळी गुडघ्याला पिशव्या लोंबतील."

मांडीच्या आतली शिवण त्यांनी उलटून दाखवली. ती चपटी होती, दोरासारखी फुगलेली नव्हती. वर चढताना माझ्या मांडीभोवती हार्नेसचा पट्टा असतो, त्याच्याखाली जाड शिवण आली की दुपारपर्यंत कातडं सोलून निघतं. हे मी ताईंना कधी सांगितलं नव्हतं. मग आठवलं, मागे एकदा मी घरी येऊन मलम लावत होते तेव्हा त्या समोर बसून चहा पीत होत्या. तेव्हा तर त्या मासिक वाचत होत्या असं मला वाटलं होतं.

मी एक जेगिंगही घातली. ना चेन ना बटण, कमरेला मऊ इलॅस्टिक, आणि इतकी हलकी की काही घातलंय असं वाटेना. मी म्हटलं, हीच नेते वर. ताईंनी माझा हात धरून खिशावर नेला. खिसा नव्हताच, नुसती शिवण मारलेली होती. "फोन कुठे ठेवशील? आणि शिडीच्या गंजलेल्या कडेला घासली तर हे पातळ कापड पहिल्या दिवशी जाईल. ही घरात घाल. लेकीमागे रांग, बाजारात जा, झोप काढ. कामाला ती."

मी दोन्ही घेतल्या. शनिवार-रविवार ती जीन्स घालून आमच्या इमारतीचे जिने चढले-उतरले. शेजारीण म्हणाली, काही हरवलंय का. मी म्हटलं, सापडलंय.

रविवारी दुपारी साइटच्या स्टोअरकीपरचा फोन आला. तू नव्हतीस तेव्हा नवा नियम झालाय, तो म्हणाला, आता आपली जीन्स घालून वर जाता येत नाही. कंपनीची पँट, पायांवर चमकत्या पट्ट्या असलेली. शिडीवर माणूस असला की खालून फक्त पाय दिसतात, म्हणून. "बायकांची पँट मागवून ठेवतो आजच्या आज. माप सांग."

"तीस," मी म्हटलं. इतक्या अभिमानाने म्हटलं की नवऱ्याने मान वर करून पाहिलं.

सोमवारी सकाळी मी बायकांच्या कपडे बदलायच्या पत्र्याच्या खोलीत ती नवी पँट घेऊन शिरले. जाड, कडक, पिवळ्या पट्ट्यांची. मांडीला अडली.

मी लेबल पाहिलं. तीस. खुंटीवर टांगलेल्या माझ्या जीन्सचं लेबल पाहिलं. तीस. ते नीट पाहिलं आणि मग मला दिसलं, दुकानातल्या लेबलाचे टाके पांढरे असतात, याचे निळे होते. ते मशीनचं खडखडणं मला आठवलं आणि माझं डोकंच फिरलं.

स्टोअरकीपरकडे बाकी सगळ्या पुरुषांच्या पँटी होत्या. त्यातली बरी निघेल ती घालून पाहिली. कंबर पट्ट्याने आवळता आली, पण तिची बैठक गुडघ्यांच्या मध्ये लोंबत होती आणि पाय शिडीच्या पहिल्या पायरीपर्यंतही उचलेना. सेफ्टी ऑफिसर दाराबाहेर घड्याळ बघत उभे. "पट्ट्यांशिवाय मी कुणाला वर सोडत नाही. काँक्रीटचा ट्रक निघालाय. तो आला की मला बदली माणसाला वर पाठवावं लागेल." तो बदली माणूस तिथेच हार्नेस घालून भिंतीला टेकून बसला होता. मला ओशाळं हसला.

मी फोन लावला. "ताई, खरं सांगा. त्या जीन्सचं मूळ माप काय?"

"का गं? काय झालं?"

"ताई!"

"चौतीस."

"आणि तीसचं लेबल?"

"माझ्याकडे डबाभर लेबलं असतात," ताई हळूच म्हणाल्या. "बायका मोठा आकडा बघून चांगली जीन्स टाकून जातात. मग मी…"

"मी काय बायका आहे? मी तुमच्या घरची आहे! त्या आकड्यावर मी इथे माप सांगितलंय. पँट चढत नाहीये, ट्रक येतोय आणि माझी केबिन चाललीय!"

"तू रडत होतीस गं आत," ताई म्हणाल्या.

मी खवळले होते, तरी आवाज खाली आला. "पायांवर चमकत्या पट्ट्या लागतात, त्यांच्याशिवाय वर सोडत नाहीत."

"पट्ट्या कुठे असायला लागतात?" त्यांनी विचारलं. "पोटरीवर? आलेच."

दुकान साइटपासून लांब नाही. ताईंची स्कूटर फाटकाशी आली तेव्हा हेल्मेटखाली त्यांच्या गळ्यात टेप लटकत होती आणि ब्लाउजला सुया टोचलेल्या होत्या. त्या पत्र्याच्या खोलीत शिरल्या, कंपनीची नवी कोरी पँट उचलली आणि शिवण उसवायच्या आकड्याने सरसर पट्ट्या सोडवायला लागल्या.

"अहो बाई, तो कंपनीचा माल आहे!" स्टोअरकीपर दाराबाहेरून ओरडला.

"माल कंपनीचा, मांड्या माझ्या!" मी आतून ओरडले. तोवर मी माझी जीन्स चढवली होती.

मी सरळ उभी राहिले. ताईंनी माझ्या पोटरीवर चापटी मारली. "उभी काय राहतेस? पाय त्या खोक्यावर ठेव. गुडघा वाकव पूर्ण, वर चढताना वाकवतेस तेवढा. ही पट्टी ताणत नाही. उभ्या पायावर शिवली तर वाकवल्यावर आवळेल." त्या जमिनीवर बसल्या, तोंडात दोरा, नाकावर चष्मा, आणि जीन्स माझ्या अंगावर असतानाच शिवू लागल्या. पट्टीची दोन टोकं त्यांनी मागे जुळवली नाहीत, मध्ये बोटभर जागा सोडली. "इथे कापडाला हलू दे."

"टोचतंय."

"टोचणारच. गप्प उभी राहा."

"ताई, मी तुमच्यावर भयंकर चिडलेली आहे."

"चीड. पण हलू नकोस."

मी त्यांच्या डोक्याकडे बघत राहिले. भांगातले पांढरे केस, आणि घाईत लावलेल्या पिना वाकड्या. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती. तसल्या धुळीत त्या मांडी घालून बसल्या होत्या, आणि त्यांच्या बोटातून रक्त आलं तर ते त्यांनी आपल्याच साडीला पुसलं. मला त्यांचा राग होताच. पण त्या रागात आणखी काहीतरी मिसळलं, आणि टोचलं तरी मी पाय हलवला नाही.

दुसऱ्या पायाचा शेवटचा टाका दाताने तोडत होत्या तेव्हा रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. सेफ्टी ऑफिसरांनी वाकून पट्ट्या पाहिल्या, ओढून पाहिल्या, मला दोनदा उकिडवं बसवलं. "आजच्यापुरतं चालेल," ते म्हणाले. "पण मापाची पँट आजच मागवायची."

मी हार्नेस आवळला आणि शिडीला हात घातला.

पहिला टप्पा जड गेला. श्वास पूर्वीसारखा नव्हता, दंड भरून आले. पहिल्या विसाव्याच्या फळीवर मी थांबले, पूर्वी कधी थांबत नसे. पण पाय चढत होते. गुडघा वाकला की कापड त्याच्याबरोबर जात होतं आणि सरळ झाला की परत येत होतं. मांडीला पट्टा घासत नव्हता. दुसऱ्या फळीवर मी थांबले नाही. तिसरीवर मला कळलं की मी गुणगुणतेय.

केबिनमधली खुर्ची त्या बदलीवाल्याने पार मागे सरकवली होती. मी ती माझ्या जागी ओढली, बसले, पुढे वाकले आणि पायांच्या मधून खाली बघितलं. सगळी साइट तिथेच होती, लहानशी आणि व्यवस्थित, माझी वाट बघत असल्यासारखी. कंबर कुठे रुतली नाही. सिग्नलवाल्या काकांचा आवाज वॉकीटॉकीवर आला, "घार, आहेस का गं?"

"आहे. लावा बादली."

बादली उचलली, फिरवली, खाली उभ्या असलेल्या माणसांच्या हातांच्या उंचीवर आणून अलगद टेकवली. मग दुसरी. मग सळ्यांचा भारा, मग फळ्या. जेवणाची सुट्टी जवळ आली, तोवर एकही आपटला नव्हता. इंजिनिअर साहेब फारसं बोलत नाहीत. ते वॉकीटॉकीवर एवढंच म्हणाले, "घार, खुर्ची तुझ्या मापाची करून घेतलीस ना? राहू दे तशीच."

माझ्या हातात दांडा होता म्हणून, नाहीतर मी टाळी वाजवली असती.

तेवढ्यात स्टोअरकीपर मध्ये घुसला. त्या वाहिनीवर सगळी साइट ऐकते, मिस्त्री, गवंडी, ट्रकवाले, सगळे. "घार, पँटीची ऑर्डर देतोय. काय लिहू? तीसच ना?" त्याच्या मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मी खाली बघितलं. फाटकाजवळ स्कूटरला टेकून एक टिकलीएवढी बाई अजून उभी होती, वर तोंड करून, हेल्मेट छातीशी धरून. जेवणाची सुट्टी होत आली तरी दुकान उघडायला गेली नव्हती.

मी बटण दाबलं. "चौतीस," मी म्हटलं. मग कुणाला ऐकू आलं नसेल तर म्हणून पुन्हा, सावकाश आणि मोठ्याने, "चौ-तीस. आणि मला शोभतंय."

वाहिनीवर खरखर झाली, झटापट झाली, आणि काकांच्या वॉकीटॉकीतून ताईंचा आवाज आला. "अगं ए, हळू बोल! इथल्या निम्म्या बायका माझ्याच दुकानातून जीन्स घेतात!"

"मग त्यांनाही सांगा," मी म्हटलं. "आणि संध्याकाळी मी दुकानात येतेय. ते लेबल काढा आणि खरं लावा. तुमच्या हाताने."

मला वाटलं, आता रागावतील. पण त्या बोलल्या तेव्हा आवाज जरा ओला होता. "खरं खालीच आहे गं. कापून टाकवलं नाही मला. वरचं फक्त उसवायचंय."

मी खाली हात हलवला. मग काकांनी पुढचा भारा लावला आणि मी तो उचलला.